थांबणे महागात पडले

फेब्रुवारी २०२१मध्ये सोनीचे प्लेस्टेशन-५ भारतात विक्रीला आले, तेव्हा माझ्या भाच्याचा मला फोन आला होता. तो तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. डिस्क बसणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये. दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने तीसएक हजार जमवले होते. उरलेले पैसे आईकडून मिळण्यासारखे होते, फक्त मामाने आईकडे शब्द टाकायला हवा होता. मी शब्द टाकला, पण उलटा. ‘थांब,’ मी त्याला म्हटले, ‘दोन वर्षांत हेच यंत्र पस्तीस हजारांत मिळेल. आजवर नेहमी असेच झाले आहे.’ ‘दादा म्हणतो ते बरोबर आहे,’ असे म्हणून माझ्या बहिणीने विषय मिटवला.

भाचा थांबला. २०२२ संपता संपता त्या यंत्राची भारतातली किंमत ५४,९९० रुपये झाली. अमेरिकेत ४९९ डॉलरला निघालेले हेच यंत्र ऑगस्ट २०२५मध्ये, म्हणजे बाजारात येऊन जवळजवळ पाच वर्षे झाल्यावर, ५४९ डॉलरचे झाले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज-एक्सने तर कमालच केली. तेही २०२० साली ४९९ डॉलरला निघाले होते. मे २०२५मध्ये त्याचे ५९९ झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ६४९. जुना होत जाणारा माल महाग होत गेल्याचे उदाहरण इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात मी तरी यापूर्वी पाहिले नव्हते.

भाचा आता नोकरीला लागला आहे. मध्यंतरी घरी आला तेव्हा त्याने विचारले, ‘मामा, आता पुढच्या पिढीचे यंत्र येईल तेव्हाच घेऊ का? की तेव्हाही थांबू?’ प्रश्नाचा दुसरा भाग टोमणा होता, हे मला कळले. हा लेख म्हणजे काही अंशी त्या टोमण्याला उत्तर आहे आणि काही अंशी कबुली.

आधी माझी बाजू मांडतो. मी धंद्याने इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. खेळण्यात मला गती नाही. माझा मारिओ दुसऱ्याच खड्ड्यात पडतो. पण टीव्हीला जोडायच्या या यंत्रांच्या पोटात काय चालते आणि ती विकणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबात काय चालते, याचे कुतूहल मला तीस वर्षांपासून आहे. ‘थांब, स्वस्त होईल’ हा सल्ला मी हवेतून दिला नव्हता. पहिले प्लेस्टेशन अमेरिकेत सप्टेंबर १९९५मध्ये २९९ डॉलरला आले. पुढच्या मे महिन्यात ते १९९ डॉलरचे झाले आणि १९९७च्या मार्चमध्ये १४९चे. प्लेस्टेशन-२ ऑक्टोबर २०००मध्ये २९९ला निघाले आणि पायरी पायरीने उतरत २००९ साली ९९ डॉलरवर आले. प्लेस्टेशन-४ तीन वर्षांत ३९९वरून २९९वर आले. हा नुसता योगायोग नव्हता. या धंद्याची सगळी मांडणीच त्यावर उभी होती.

ही मांडणी प्रिंटर आणि शाईसारखी. खोका जवळजवळ खर्चाच्या भावात किंवा तोटा सोसून विकायचा, आणि मग त्या खोक्यासाठी निघणाऱ्या प्रत्येक खेळामागे आपला हिस्सा घ्यायचा. (‘खोका’ हा शब्द महाराष्ट्रात अलीकडे बदनाम झाला आहे, पण इथे दुसरा सुचत नाही.) सुरुवातीचा तोटा कंपनीला परवडत असे, कारण दर दोन-तीन वर्षांनी चिप तयार करण्याची प्रक्रिया सूक्ष्म होई आणि तीच चिप कमी जागेत, कमी पैशात बनू लागे. प्लेस्टेशन-२मध्ये मुख्य प्रोसेसर आणि चित्रे रंगवणारी चिप सुरुवातीला वेगवेगळ्या होत्या. पुढे सोनीने त्या दोन्ही एकाच चिपमध्ये बसवल्या. वीज कमी लागली, उष्णता कमी झाली, पंखा लहान झाला आणि २००४ साली एखाद्या जाडसर पुस्तकाएवढे यंत्र बाजारात आले. म्हणजे काळ कंपनीच्या बाजूने होता आणि थांबणाऱ्या गिऱ्हाइकाच्याही.

ज्याला हे गणित आधी कळले त्याने बाजी मारली. १९९५च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला पहिले ई-थ्री प्रदर्शन भरले. सेगा कंपनीने आपले सॅटर्न यंत्र आजपासूनच दुकानांत मिळेल, किंमत ३९९ डॉलर, असे जाहीर करून धमाल उडवून दिली. मग सोनीच्या स्टीव्ह रेस यांना व्यासपीठावर बोलावण्यात आले. ते आले, ‘२९९’ एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. या धंद्यातले एवढे परिणामकारक भाषण त्यानंतर कोणी केलेले नाही. सहा वर्षांत सेगाने यंत्रे बनवणेच सोडून दिले.

मग माझे गणित चुकले कुठे?

चिप अजूनही सूक्ष्म होत आहेत, पण स्वस्त होत नाहीत. पूर्वी ट्रान्झिस्टर निम्म्या जागेत मावला की त्याचा खर्चही जवळजवळ निम्मा होई. गेल्या दशकभरात ही जोडी फुटली. सर्वात प्रगत चिपचे उत्पादन मुख्यतः तैवानच्या टीएसएमसी या एका कंपनीकडे एकवटले, तिथली यंत्रसामग्री अवाच्या सवा महाग झाली आणि नव्या प्रक्रियेवरची प्रत्येक चकती आधीच्यापेक्षा महाग पडू लागली. प्लेस्टेशन-५ची चिप सात नॅनोमीटरवरून सहावर आली, यंत्र थोडे हलके झाले. पण पूर्वीसारखी निम्म्या किमतीची उडी काही आली नाही. त्यात महासाथीतला चिपचा तुटवडा, घसरलेला येन, २०२५मधली अमेरिकेची आयात शुल्के अशी एकेक भर पडत गेली. आणि २०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव भडकले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची संगणक केंद्रे उभारणारे लोक मागतील तो भाव द्यायला तयार असताना खेळणी बनवणाऱ्यांची तिथे काय पत्रास? मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. महागाईचा हिशेब धरला तर १९९५चे २९९ डॉलर म्हणजे २०२५चे सहाशेच्या पुढे. तेव्हा नवीन यंत्राची पहिल्या दिवशीची किंमत ही काही लूट नाही. प्रश्न पहिल्या दिवसाचा नाहीच, तो दोन हजाराव्या दिवसाचा आहे. ती उतरण नाहीशी झाली आहे. पुढच्या पिढीत कोण कसा लढेल हे समजून घ्यायचे तर कोणाची चिप किती वेगवान, हे मोजत बसण्यात अर्थ नाही. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्याही यंत्रांत एएमडीचीच चिप आहे आणि दोघांनीही पुढच्यासाठी पुन्हा एएमडीशीच हातमिळवणी केली आहे. उतरण गेल्यावर कोण काय करतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

निन्टेन्डोचे मला पहिल्यापासून कौतुक आहे, कारण त्या कंपनीने उतरणीवर कधी फारसा भरवसा ठेवलाच नाही. क्योटोची ही कंपनी १८८९ सालची, मुळात हानाफुदा नावाचे पत्ते छापणारी. तिच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीला लागलेला गुनपेई योकोई हा माणूस पुढे तिचा सर्वात कल्पक अभियंता ठरला. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ काढतो आहे, हे पाहून त्याला खिशातल्या खेळाची कल्पना सुचली. ते १९८०चे ‘गेम अँड वॉच’. जे तंत्रज्ञान जुने, स्वस्त आणि पूर्ण कळलेले आहे तेच घ्या आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधा, हे त्याचे सूत्र. १९८९ साली त्याने ‘गेम बॉय’ काढला. पडदा हिरवट, रंग नाहीत. समोर सेगाचा ‘गेम गियर’ रंगीत होता. पण तो सहा सेल लावून काही तासांतच गप्प होई आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. रंगीत आवृत्ती धरून गेम बॉय जवळजवळ १२ कोटी विकला गेला. लांबच्या प्रवासात मुलाला मागच्या सीटवर गप्प बसवायचे असेल, तर आईबापांना रंगापेक्षा सेल महत्त्वाचे वाटतात, हे योकोईला कळले होते.

योकोई १९९७ साली अपघातात गेला, पण कंपनीने त्याचे सूत्र सोडलेले नाही. २००६ साली सोनी आणि मायक्रोसॉफ्ट ताकदीची यंत्रे काढत असताना निन्टेन्डोने २५० डॉलरचे दुबळे ‘वी’ काढले, हातवारे करून खेळायचे, आणि १० कोटी विकले. अर्थात हे सूत्र दर वेळी फळते असे नाही. पुढचे ‘वी यू’ १ कोटी ३६ लाखांवरच आटोपले. २०१७च्या ‘स्विच’ने मात्र १५ कोटींचा टप्पा ओलांडला. जून २०२५मध्ये ‘स्विच-२’ आले ते ४४९ डॉलरला. निन्टेन्डोच्या मानाने ही किंमत जबर, तरी पहिल्या चार दिवसांत ३५ लाख यंत्रे खपली. इथे कंपनीने एक लक्षात घेण्याजोगी चाल केली. जपानमध्ये फक्त जपानी भाषेत चालणारे यंत्र ४९,९८० येनला आणि सर्व भाषांत चालणारे ६९,९८० येनला. म्हणजे घरच्या गिऱ्हाइकासाठी किंमत धरून ठेवायची, आणि येन स्वस्त म्हणून बाहेरून येऊन यंत्रे उचलणाऱ्यांना भाषेच्या कुंपणाने थोपवायचे. कुठल्या बाजाराला सांभाळायचे आणि कुठल्याकडून पूर्ण किंमत घ्यायची, हे यापुढे उघडपणे ठरवले जाणार, याची ही पहिली चुणूक आहे असे मला वाटते.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट अगदी वेगळी. या कंपनीकडे पैसा अमाप. २०२३च्या ऑक्टोबरात तिने ६८ अब्ज ७० कोटी डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेतली. या धंद्याच्या इतिहासात तेवढा मोठा सौदा आधी झाला नव्हता. तरीही खोक्यांच्या विक्रीत ती सोनीच्या फार मागे राहिली, आणि याचे मूळ २०१३मध्ये आहे. त्या वर्षी ‘एक्सबॉक्स वन’ जाहीर करताना कंपनीने इंटरनेटवरून नियमित हजेरी लावण्याची सक्ती केली आणि वापरलेल्या डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधने घातली. सोनीने उत्तरादाखल एक चित्रफीत काढली, काही सेकंदांची. मित्राला खेळ कसा द्यायचा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो, संपले. शिवाय प्लेस्टेशन-४ शंभर डॉलरने स्वस्त. मायक्रोसॉफ्टने दहा दिवसांच्या आत माघार घेतली, पण पिढी हातची गेली. आणि जी गेली ती नेमकी अशी पिढी, की जिच्यात लोक डिस्कऐवजी इंटरनेटवरून खेळ विकत घेऊ लागले. तेव्हा कंपनीच्या गेमिंग विभागाचे प्रमुख असलेले फिल स्पेन्सर यांनी २०२३ साली हे मोकळेपणाने कबूल केले: हरायला याहून वाईट पिढी नव्हती, कारण तेव्हाच प्रत्येकाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. दहा वर्षे घेतलेले खेळ ज्या खात्यावर आहेत, ते खाते सोडून कोण जाईल?

तेव्हा मायक्रोसॉफ्टने ठरवले, की खोक्यावरची लढाई लढायचीच नाही. २०२४च्या नोव्हेंबरात तिने जाहिरात केली ती टीव्ही, फोन, लॅपटॉप दाखवत ‘हाही एक्सबॉक्सच’ अशी. २०२५मध्ये तिचे ‘फोर्झा होरायझन-५’ आणि ‘गियर्स ऑफ वॉर’ प्लेस्टेशनवर आले, आणि ‘हेलो’ हा ज्याच्या जिवावर २००१ साली एक्सबॉक्स उभे राहिले तो खेळही प्लेस्टेशनवर नेणार असल्याचे जाहीर झाले. जून २०२५मध्ये कंपनीने सांगितले, की पुढचे एक्सबॉक्स एकाच दुकानाला बांधलेले नसेल. ऑक्टोबरात तैवानच्या आसूसने बनवलेली, हातात धरायची दोन यंत्रे एक्सबॉक्सचे नाव लावून आली: एक ५९९ डॉलरचे, दुसरे ९९९चे. म्हणजे विन्डोजचीच जुनी चाल. नाव आणि सॉफ्टवेअर आमचे, पत्रा आणि चिप कोणीही लावा.

हे वाचताना मला १९९३ आठवले. त्या वर्षी ट्रिप हॉकिन्स यांच्या थ्रीडीओ कंपनीने नेमके हेच केले होते. आराखडा आमचा, यंत्र पॅनासॉनिकने बनवावे, गोल्डस्टारने बनवावे, सान्योने बनवावे. व्हिडिओ कॅसेट प्लेअर कसे कुणाचेही चालतात तसे. पॅनासॉनिकचे यंत्र आले ७०० डॉलरला आणि आपटले. कारण उघड होते. खेळामागचा हिस्सा जात होता थ्रीडीओला, मग पॅनासॉनिकने तोट्यात खोका का विकावा? निन्टेन्डो आणि सेगा आपली यंत्रे स्वस्तात देत, कारण शाईचे पैसे त्यांचे त्यांना मिळत. त्या स्वस्ताईपुढे थ्रीडीओचा टिकाव लागला नाही.

आता या लेखातला माझा एकमेव धाडसी दावा करतो. थ्रीडीओची कल्पना चुकीची नव्हती, तिचा काळ चुकीचा होता. आज तोट्यात खोका विकायला कोणीच फारसे तयार नाही. व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२५मध्ये ‘स्टीम मशीन’ जाहीर केले तेव्हा स्पष्टच सांगितले, की किंमत पीसीच्या हिशेबाने ठरेल, पदरचे घालून विकणार नाही. सगळेच जर पूर्ण किमतीला विकणार असतील, तर थ्रीडीओला मारणारा स्वस्त प्रतिस्पर्धी उरतो कुठे? तेव्हा ज्या चालीने १९९३मध्ये एक कंपनी बुडाली, तीच चाल पुढच्या पिढीत मायक्रोसॉफ्टला तारून नेण्याची शक्यता आहे. मात्र एक अट आहे. महिन्याच्या वर्गणीचे आमिष टिकले पाहिजे. ‘गेम पास’ची सर्वात वरची वर्गणी ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत २० डॉलरवरून एकदम ३० डॉलरवर नेली गेली. गिऱ्हाइकाला आधी सवय लावायची आणि मग भाव वाढवायचा हे केबलवाल्याचे तंत्र आपल्याला अपरिचित नाही. पण केबलवाल्याला वाडीत प्रतिस्पर्धी नसे, मायक्रोसॉफ्टला आहे.

सोनीकडे पाहिले तर वाटते, तिला काही करण्याची गरजच नाही. सप्टेंबर २०२५अखेर प्लेस्टेशन-५ची ८ कोटी ४० लाखांवर यंत्रे गेली होती. पण जिंकणाऱ्याचे दुखणे निराळे असते. मायक्रोसॉफ्टच्या खरेदीवरचा खटला २०२३ साली अमेरिकी न्यायालयात चालू असताना सोनीची काही कागदपत्रे सादर झाली. त्यातले आकडे काळ्या पेनने खोडले होते, पण इतके निष्काळजीपणे, की खालचे सहज वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर खर्च आला होता, ‘होरायझन’च्या दुसऱ्या भागाला २१ कोटी २० लाख. एवढा पैसा एकाच खोक्याच्या मालकांकडून वसूल करायचा म्हणजे कठीणच. पैजा फसतातही: ऑगस्ट २०२४मध्ये आलेला ‘कॉनकॉर्ड’ सोनीला दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. उलट ‘हेलडायव्हर्स-२’ त्याच वर्षी प्लेस्टेशनबरोबर पीसीवरही आणला आणि तो बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख खपला. २०२५मध्ये तोच खेळ चक्क एक्सबॉक्सवर गेला. तेव्हा ‘हा खेळ फक्त आमच्याकडे’ ही सोनीची जुनी तलवारही आता अर्धी म्यानात आहे. सोनीचा खरा किल्ला म्हणजे तो संग्रह, ते खाते. पुढचे प्लेस्टेशन आधीचे खेळ चालवणारे नसेल तर किल्ल्याचा दरवाजा तिने स्वतःच उघडला असे होईल. ती चूक सोनी करील असे मला वाटत नाही.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडेसे. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात, आणि सेकंदाला साठ वेळा ते सगळे काढायचे म्हणजे चिपचा घाम निघतो. नवी युक्ती अशी, की चौथा हिस्साच ठिपके खरे काढायचे आणि बाकीचे शिकवलेल्या यंत्राने अंदाजाने भरायचे. नोव्हेंबर २०२४च्या प्लेस्टेशन-५ प्रोमध्ये हे आहे, स्विच-२मध्ये एनव्हिडियाच्या पद्धतीने आहे, आणि सोनी व एएमडी पुढच्या यंत्रासाठी यावरच एकत्र काम करत आहेत. चिप स्वस्त होत नसताना चित्र सुधारायचा हाच परवडणारा मार्ग उरला आहे. रांगोळीचे ठिपके मोजून काढणारी आजी आणि नजरेनेच अंदाज घेणारी नात यांच्यातला फरक. दुरून सारखेच दिसते. पण एका अर्थी यातून फायदा पुन्हा जुन्या, स्वस्त चिपचाच होतो. योकोईला हे आवडले असते.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर अस्वस्थ केले तिच्याकडे येतो. ती उतरण केवळ माझ्या भाच्यासारख्या चिकित्सक गिऱ्हाइकांच्या सोयीची नव्हती. अर्धे जग तिच्यावरूनच या खेळांत आले. ब्राझीलमध्ये आयात कर एवढे, की टेकटॉय ही तिथली कंपनी सेगाची यंत्रे देशातच बनवून विकू लागली, आणि खुद्द सेगाने यंत्रांचा धंदा सोडल्यानंतरही कितीतरी वर्षे तिथे ती विकली जात राहिली. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर २००९चे. प्लेस्टेशन-३ निघून दोन वर्षे होऊन गेली होती, पण हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ निघाला प्लेस्टेशन-२साठी. कारण मध्यमवर्गीय घरात टीव्हीखाली तेच यंत्र होते. श्रीमंत देश तोंडाकडून आत गेले, आपण शेपटाकडून.

पुढच्या पिढीला शेपूटच नसेल तर? २०२४मध्ये प्लेस्टेशन-५ प्रो भारतात आलेच नाही. सोनीने सांगितलेले कारण असे, की त्यातल्या वायफायला लागणाऱ्या सहा गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला इथे तेव्हा परवानगी नव्हती. कारण खरेच असणार. पण मोठ्या बाजारासाठी अशा अडचणींवर तोडगा निघतो, हेही खरे. निन्टेन्डोची यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात ती बाहेरून आणलेली, त्यांचा भाव दुकानदाराच्या मनावर. गंमत म्हणजे पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ हा देखणा खेळ ऑगस्ट २०२०मध्ये सर्वात आधी आला तो निन्टेन्डोच्या स्विचवर. पुण्यात बनलेला खेळ, पण पुण्यातल्या किती घरांत तो खेळता आला असेल? आपल्या मुलांना उरतो तो फोन. फोनवर खेळ फुकट असतो आणि पैसे बंदुकीच्या रंगाचे, कपड्यांचे द्यायचे असतात. ज्या मुलांनी कधी बैठकीत बसून बारा तासांची एक गोष्ट खेळून संपवलेली नाही, त्यांच्यातून तसली गोष्ट रचणारे कोठून येणार, हा प्रश्न ‘राजी’ करणाऱ्यांच्या पुढच्या पिढीचा आहे.

यात डिस्कचा मुद्दा येतोच. प्रोमध्ये डिस्कची खाच नाही. हवी तर वेगळी घ्या. स्विच-२च्या काही कार्टरिजमध्ये खेळ नसतोच, फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली असते. कॅलिफोर्नियाने तर २०२५पासून कायदाच लागू केला, की डिजिटल माल विकताना तुम्ही वस्तू नव्हे, परवाना विकत घेता आहात हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे चार-पाच हजारांचा खेळ मुले घेऊ शकतात ती तो संपवून तीन हजारांना विकता येतो म्हणून. चार मित्रांत एक डिस्क फिरते. खाच गेली की हा सगळा व्यवहार गेला, आणि २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टला लोकांनी जे करू दिले नाही ते कोणीही घोषणा न करता होऊन जाईल. या मुद्द्यावर निदान सोनीने तरी आपली ती चित्रफीत पुन्हा पाहावी.

एवढे सगळे मी भाच्याला फोनवर सांगितले. त्याने ऐकून घेतले. पुढचे यंत्र आले की स्वस्त होण्याची वाट पाहू नकोस, पण पहिल्या दिवशी धावूही नकोस. जुने खेळ चालतात का आणि खाच आहे का, या दोन गोष्टी पाहा, असा सल्ला दिला. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, ‘मामा, तुला न विचारताच घेतले. खोलीतला मित्र जर्मनीला निघाला होता, त्याचे जुने प्लेस्टेशन-५ आणि चौदा डिस्क. अठ्ठावीस हजार.’

पाच वर्षांपूर्वी मी सांगितले होते त्यापेक्षाही सात हजार कमी. मी तसे म्हणणार होतो, पण तेवढ्यात तो म्हणाला, ‘आईला अजून सांगितलेले नाही. ते तू सांग.’